नोकरी सुटणार नसेल तर जीएनएम कसे करावे?

पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) म्हणून काम करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय सव्वीस, लग्न झालेले नाही, गावी आईवडील आणि शिकणारा धाकटा भाऊ, आणि पगारातला निम्म्याहून अधिक भाग दर महिन्याला घरी जातो. आता त्यांना जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवायफरी हा त्यापुढचा परिचर्येचा अभ्यासक्रम, करायचा आहे. आठवड्याला पाच नाईट करून दिवसा कॉलेज केले तर तीन वर्षे निभावतील का, की एका एजंटाने सुचवलेल्या, 'हजेरीची काळजी करू नका, फक्त परीक्षेला या' असे सांगणाऱ्या कॉलेजात प्रवेश घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे. मी आधी बरीच वर्षे वॉर्डात सिस्टर म्हणून आणि नंतर नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर म्हणून काम केले आहे, त्यामुळे ड्युटीचा तक्ता लावणाऱ्या इन्चार्जची आणि हजेरीपट पाहणाऱ्या ट्यूटरची, अशा दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत.

ताई, पाच नाईट आणि दिवसाचे कॉलेज हे जमणार नाही, आणि एजंटाचे कॉलेज घेऊ नका. मात्र एवढ्यावरून जीएनएमचा विचार सोडून देण्याचे काहीच कारण नाही. तुम्ही हा प्रश्न वेळ कसा पुरवायचा असा मांडला आहे. मला तो तीन वर्षे घरखर्च कसा चालवायचा असा दिसतो, कारण अभ्यासक्रमाचे तास तुमच्या हातात नाहीत, नोकरीचे तास काही प्रमाणात आहेत आणि पैशाची सोय बऱ्याच प्रमाणात आहे. जे हलवता येते ते हलवायचे, या दृष्टीने पुढचे वाचावे.

आधी अभ्यासक्रमाचे स्वरूप पाहू. जीएनएम तीन वर्षांचा, पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे आणि तिसऱ्या वर्षाचा उत्तरार्ध इंटर्नशिपचा असतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार परीक्षेला बसण्यासाठी थिअरी आणि प्रॅक्टिकल या दोन्हींत किमान ८० टक्के हजेरी लागते. अनेक विद्यार्थिनी हा आकडा ऐकून पाचातला एक दिवस नोकरीला देता येईल असे समजतात, आणि तिथेच त्यांची फसगत होते, कारण प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी प्रत्येक क्लिनिकल विभागातली प्रॅक्टिकलची हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते. बुडालेली वॉर्ड ड्युटी माफ होत नाही. ती सुट्टीत किंवा परीक्षेनंतर भरून द्यावी लागते. म्हणजे नोकरीसाठी आज घेतलेला दिवस पुढच्या सुट्टीतून वजा होतो, आणि ज्या सुट्टीत जास्त ड्युट्या करून पैसे साठवायचे तुम्ही ठरवलेले असते, ती सुट्टीच उरत नाही.

आता आठवड्याच्या १६८ तासांचा हिशेब मांडून पाहू. वर्ग आणि वॉर्ड मिळून ४० तास धरा. रोज सात तास झोप धरली तर ४९ तास. अंघोळ, स्वयंपाक, कपडे, जेवण यांना दिवसाचे तीन तास, म्हणजे २१. पुण्यासारख्या शहरात जाण्यायेण्याचे निदान १०. अभ्यास आणि फाइलचे लेखन यांना १५. यापेक्षा कमी वेळात पहिल्या वर्षाचे अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी पक्के झाल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. ही बेरीज १३५ होते आणि ३३ तास उरतात. बारा तासांच्या तीनच नाईट धरल्या तरी ३६ तास होतात, म्हणजे पाच नाईटचा विचार बाजूलाच राहिला. शिवाय हे उरलेले ३३ तास सलग नसतात. ते संध्याकाळच्या तुकड्यांत आणि रविवारी विखुरलेले असतात. आजारपण, गावी जाणे, घरातले एखादे कार्य यासाठीही काही राखून ठेवावेच लागते. माझ्या अनुभवात आठवड्याला १२ ते १६ तासांची नोकरी नर्सिंगच्या विद्यार्थिनीला तीन वर्षे पेलते. १८ तासांच्या पुढे गेले की पहिला बळी झोपेचा जातो, आणि पाठोपाठ वॉर्डातल्या लक्षाचा.

झोपेबद्दल मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण 'मला सवय आहे, मला नाईटचे काही वाटत नाही' हे वाक्य प्रत्येक बॅचमध्ये ऐकू येते. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात असे दिसले होते की सतरा ते एकोणीस तास सलग जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया आणि अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहूनही वाईट होते. आपल्याकडे वाहन चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे आदल्या दुपारी दोनला उठून, रात्री आठ ते सकाळी आठ ड्युटी करून तुम्ही नऊला वॉर्डात उभ्या राहाल, तेव्हा जागून एकोणीस तास झालेले असतील, आणि त्याच अवस्थेत तुम्ही औषधाची ट्रॉली हातात घ्याल. थकलेल्या माणसाला आपण थकल्यामुळे चुकत आहोत हे स्वतःला जाणवत नाही. सवय झाली असे वाटते तेव्हा बहुधा ही जाणीवच बोथट झालेली असते.

यावर वॉर्डातलेच उदाहरण देते. आमच्या एका विद्यार्थिनीने बाहेरची नाईट करून थेट मेडिकल वॉर्ड गाठला होता. वीस युनिट इन्सुलिन द्यायचे होते. व्हायल (औषधाची बाटली) मिलिलिटरमागे १०० युनिटची होती आणि तिच्या हातात लाल टोपणाची, मिलिलिटरमागे ४० युनिटची सिरिंज होती. १०० च्या व्हायलसाठी नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. तिने ४० च्या सिरिंजवर विसाच्या खुणेपर्यंत औषध भरले. तिथपर्यंत अर्धा मिलिलिटर बसतो, आणि १०० च्या व्हायलमधल्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये पन्नास युनिट असतात. शेजारच्या स्टाफने इन्सुलिन दोघींनी तपासायचे हा नियम पाळला, म्हणून ते इंजेक्शन रुग्णापर्यंत पोहोचले नाही. ही मुलगी वर्गात हुशार होती आणि दोन सिरिंजमधला फरक तिने परीक्षेत अचूक लिहिला असता. त्या सकाळी तिला तो दिसला नाही, एवढेच. म्हणून नाईटनंतर सकाळी वॉर्ड किंवा वर्ग असेल ती नाईट घ्यायची नाही, हा नियम मी माझ्या विद्यार्थिनींना पगाराच्या कोणत्याही गरजेपेक्षा वरचा मानायला सांगते.

मग कोणती नोकरी चालेल? शनिवारची नाईट सर्वांत सोयीची असते: शनिवारी रात्री आठ ते रविवारी सकाळी आठ, मग रविवारी दुपारपर्यंत झोप, आणि रविवारची रात्र पूर्ण विश्रांतीची. त्यासाठी शनिवारी कॉलेज दुपारी सुटत असले पाहिजे आणि रात्रीपूर्वी दोन-तीन तास झोप मिळाली पाहिजे. दुसरा पर्याय म्हणजे एखाद्या डॉक्टरांच्या संध्याकाळच्या ओपीडीत आठवड्याला तीन दिवस चार-चार तास. तिसरा, घरी असलेल्या वृद्ध किंवा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे ड्रेसिंग, इंजेक्शन, कॅथेटरची देखभाल, डॉक्टरांच्या लेखी सूचनेवर. यात तासामागे मिळणारे पैसे बहुतेक वेळा रुग्णालयातल्या पगारापेक्षा बरे असतात, पण कामाची खात्री कमी असते आणि अनोळखी घरी जायचे असल्याने आपल्या सुरक्षिततेची काळजी घ्यावी लागते. ओळखीच्या डॉक्टरांकडून आलेले रुग्णच घ्या. तुम्ही नोंदणीकृत एएनएम आहात, हे तुमचे मोठे बळ आहे. बारावीनंतर थेट आलेल्या विद्यार्थिनीकडे नोंदणी नसते, त्यामुळे तिने 'सिस्टर' म्हणून कुठेही काम करणे योग्य नाही, आणि तिला मी वेगळेच उत्तर दिले असते.

या बळाला एक मर्यादाही आहे. जीएनएम शिकत आहात म्हणजे जीएनएम झालात असे नव्हे. छोट्या रुग्णालयांत 'आता तुम्ही शिकताच आहात, तर आयसीयू बघा' असे सहज म्हटले जाते. नोंदणी ज्या पात्रतेची आहे त्याच पात्रतेचे काम करा आणि नकार नम्रपणे, पण स्पष्ट द्या. दुसरी बाब अशी की, नोकरीत लागलेल्या काही सवयी वॉर्डात तुमच्या ट्यूटरला चालणार नाहीत. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावणे, औषध देण्याआधीच चार्टवर सही करून ठेवणे या गोष्टी घाईच्या रुग्णालयांत सर्रास चालतात. 'आमच्याकडे असेच करतात' असे म्हणू नका. उलट कॉलेजात शिकलेली योग्य पद्धत नोकरीच्या ठिकाणी न्या. दोन रुग्णालयांत वावरणार असल्याने हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस झाले आहेत ना, हेही पाहा. ते शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात आणि तिसरा डोस बहुतेक जणींचा राहून जातो.

आता पैशाचा विचार करू. तुमच्या प्रश्नाचा हाच कणा आहे. पूर्ण पगाराच्या जागी तिसरा हिस्सा पगार आला तर घरी काय पाठवता येईल, हे प्रवेशाआधी आईवडिलांसमोर आकड्यांत बोला. 'बघू, होईल काहीतरी' असे म्हणून सुरू केलेले शिक्षण दुसऱ्या वर्षी भावाच्या फीच्या वेळी अडते, हे मी पाहिले आहे. शक्य असेल तर यंदा प्रवेश न घेता एक वर्ष पूर्ण पगारावर काम करा आणि निदान पहिल्या वर्षाची फी व सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. वयाची भीती बाळगू नका: जीएनएमला कमाल वय ३५ आहे, पण नोंदणीकृत एएनएमला ही अट लागू होत नाही, आणि एएनएम उत्तीर्ण व नोंदणीकृत असणे ही स्वतंत्र प्रवेश-पात्रता म्हणूनही धरली जाते. शासकीय रुग्णालयांशी जोडलेल्या परिचर्या प्रशिक्षण केंद्रांत फी नगण्य असते आणि विद्यावेतन मिळते, म्हणून पुण्यातल्या खासगी कॉलेजाआधी आपल्या जिल्ह्यातल्या शासकीय जागेसाठी अर्ज करा. तिथे जागा मिळाली तर नोकरीची निकड बरीच कमी होईल, आणि गाव जवळ असेल तर राहण्याचा खर्चही वाचेल. खासगी कॉलेजातच जावे लागले तर आपल्या प्रवर्गाला आणि उत्पन्नाला लागू होणारी कोणती शिष्यवृत्ती राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर त्या कॉलेजासाठी दिसते, हे प्रवेशापूर्वी पाहा. तुमची जागा कोणत्या प्रवेशप्रक्रियेतून भरली यावर पुष्कळदा ते अवलंबून असते, आणि कॉलेजचे कार्यालय हे आपणहून सांगेलच असे नाही. गावच्या बचत गटातून आईच्या नावे घेतलेले छोटे कर्ज खासगी सावकारापेक्षा किंवा मोबाइलवरच्या झटपट कर्जापेक्षा कितीतरी सुरक्षित असते.

काही रुग्णालये 'आम्ही फी भरतो, नंतर आमच्याकडे अमुक वर्षे काम करा' असा प्रस्ताव देतात. तो सरसकट वाईट नसतो. बाँड किती वर्षांचा, त्या काळात पगार किती, मध्येच सोडले तर किती रक्कम परत करायची, शिकताना आठवड्याला किती तास काम अपेक्षित, हे सगळे लेखी असले आणि तास वर सांगितलेल्या मर्यादेत बसत असले, तर विचार करा. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणाच्याही ताब्यात देऊ नका.

एजंटाच्या कॉलेजाबद्दल तुम्ही थेट विचारले आहे, म्हणून थेट लिहिते. जिथे हजेरी न लावता हजर दाखवतात, तिथे शिकवतही नाहीत. नर्सिंग हे हाताने शिकायचे काम आहे. बेडसोअर पहिल्या टप्प्यात ओळखणे, नवजात बाळाचा श्वास मोजणे, प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचन पावले आहे की नाही हे पोटावर हात ठेवून समजणे, हे परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड वाचून येत नाही. तुमच्या पुढच्या वाटेवरही याचा परिणाम होतो. परदेशी परिषदेकडे अर्ज करताना किंवा मोठ्या रुग्णालयात कागदपत्रांची तपासणी होताना विषयवार थिअरी व क्लिनिकल तासांची नोंद मागितली जाते, आणि मान्यताच नसलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणीला उपयोगी पडत नाही. म्हणून कोणत्याही कॉलेजाचे नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि राज्य परिषदेच्या त्या वर्षीच्या यादीत आहे का, हे स्वतः पाहा. एजंटाने मोबाइलवर दाखवलेले पत्र पुरावा म्हणून धरू नका.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. सर्वांत मोठी बाब वसतिगृहाची. अनेक नर्सिंग स्कूलमध्ये विद्यार्थिनींना वसतिगृहात राहणे बंधनकारक असते आणि रात्री बाहेर जाता येत नाही. तसे असेल तर शनिवारच्या नाईटचा पर्याय मिटला आणि ओपीडी किंवा घरच्या रुग्णांचाच विचार उरला. काही ठिकाणी शिक्षण चालू असताना बाहेर नोकरी करण्यास मनाई असते. हे मुलाखतीच्या दिवशी प्राचार्यांना विचारा. लपवून केलेली नोकरी उघड झाली की ट्यूटरचा विश्वास जातो, आणि अडचणीच्या वेळी तोच विश्वास कामी येतो. मी स्वतः अशा कितीतरी मुलींच्या पोस्टिंगमध्ये थोडा फेरफार करून दिला आहे, पण त्यांनी आधी येऊन सांगितले होते म्हणून. इन्चार्ज सिस्टरलाही हेच लागू आहे: महिन्याचा तक्ता लागण्यापूर्वी परीक्षेच्या आणि पोस्टिंग बदलण्याच्या तारखा लेखी द्या. ऐन वेळी सुट्टी मागणारीपेक्षा आधी सांगणारीला सांभाळून घेणे इन्चार्जला सोपे जाते.

अभ्यासाविषयी थोडेच लिहिते, कारण तास ठीक बसले की अभ्यास बहुतेक वेळा बसतो. केअर प्लॅन, केस स्टडी, प्रोसिजर बुक यांचे लेखन साठवू नका; नोकरी करणाऱ्या मुली नापास होतात त्यापेक्षा फाइल अपूर्ण राहून अधिक अडकतात. वॉर्डातच दुपारी पुढच्या पाळीला ओव्हर देण्यापूर्वी अर्धा तास काढून कच्चा मजकूर लिहा आणि प्रोसिजर झाल्या दिवशीच ट्यूटरची सही घ्या. रोज एक औषध, आणि तेही आज आपण प्रत्यक्ष दिलेलेच, खिशातल्या वहीत उतरवा: कशासाठी, किती, काय पाहायचे. पुस्तकातली यादी विसरते. ज्या आजोबांना फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारे औषध) दिल्यावर आपण लघवीचे माप ठेवले, ते लक्षात राहतात. मराठी माध्यमातून आलात तर पहिले तीन महिने इंग्रजी संज्ञांना जास्त वेळ लागेल. तो अपेक्षितच आहे. त्या काळात नोकरीचे तास वाढवू नका.

नोकरीचे तास तिन्ही वर्षे सारखे ठेवायचा आग्रहही धरू नका. पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला वर्ग जास्त आणि सगळे नवे असते, तेव्हा शक्य असल्यास दोन-तीन महिने नोकरी बंदच ठेवा. दुसऱ्या वर्षी मेडिकल-सर्जिकल, मानसिक आरोग्य आणि बालरोग असे पोस्टिंग असते. दिनक्रम बसलेला असतो आणि बहुतेक जणींना याच वर्षी सर्वांत नियमित काम करता येते, म्हणून बचतही इथेच करा. तिसऱ्या वर्षी मिडवायफरी, म्हणजे बाळंतपणाचे काम, येते. केसबुकात प्रसूतींची ठरावीक संख्या पूर्ण करावी लागते, आणि बाळंतपण तुमच्या ड्युटीची वेळ पाहून होत नसते. लेबर रूमचे पोस्टिंग चालू असेल ते आठवडे, आणि महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाच्या वार्षिक परीक्षेपूर्वीचे सहा आठवडे, नोकरीतून बिनपगारी सुट्टी घ्यायची असे आजच धरून चाला आणि तेवढ्या महिन्यांचे घरी पाठवायचे पैसे दुसऱ्या वर्षाच्या बचतीतून वेगळे काढून ठेवा. तुमच्या जिल्ह्यातल्या शासकीय केंद्राची अर्जाची मुदत, तिथल्या वसतिगृहाचा नियम आणि सध्या महिन्याला घरी नेमके किती जातात, एवढे कळवलेत तर तीन वर्षांचा महिनावार हिशेब मांडायला मी मदत करीन.